पोटमाळ्याखालचं टेबल

आमचं तपासणीचं टेबल पूर्वी खिडकीशी होतं. उत्तरेकडची खिडकी, त्यामुळे ऊन थेट आत कधी यायचं नाही, पण दिवसभर एकसारखा उजेड असायचा. फारच ढग भरून आले तर डोक्यावरची ट्यूब लावायची, एवढंच. त्या दिवसांत आम्ही दोघी टेबलाशी बसून जगभराच्या गप्पा मारल्या असतील, पण उजेडाविषयी एक अक्षर बोलल्याचं मला आठवत नाही. जे असतंच त्याच्याविषयी कोण बोलतं?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला तो एक मध्यम कारखाना. मोटारसायकलच्या इंजिनाला बसणारी ॲल्युमिनियमची झाकणं तिथे ओततात, मशीनवर त्यांचे काठ गुळगुळीत करतात, छिद्रं पाडतात आणि पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला पाठवतात. पाठवण्याआधी प्रत्येक झाकण कुणीतरी हातात घेऊन, उलटंसुलटं करून बघावं लागतं. चरा आहे का, खड्डा आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केसासारखी बारीक चीर आहे का. चीर गेलेलं झाकण इंजिनाला बसलं की तेल झिरपतं. हे बघण्याचं काम आमचं. मी आणि ताई.

ताई म्हणजे माझ्याहून वयानं बरीच मोठी. नाशिकरोडच्या कॉलनीत राहायची. सासरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले, नवरा लवकर गेलेला, मुलाचं शिक्षण तिनं याच कामावर केलेलं. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, साहेबसुद्धा. मी सिडकोतून चालत यायचे, ती दोन बस बदलून यायची, आणि तरी माझ्या आधी पोहोचलेली असायची. मला हे काम तिनंच शिकवलं. झाकण एकदम डोळ्यासमोर धरायचं नाही, तिरपं करत करत फिरवायचं, म्हणजे उजेड काठावरून सरकत जातो आणि जिथे चीर असेल तिथे तो जरासा अडखळतो. ‘उजेडाकडं बघ, झाकणाकडं नको,’ असं ती म्हणायची. सुरुवातीला मला काहीच कळायचं नाही. मग एके दिवशी कळलं, आणि त्यानंतर चीर दिसायला लागली.

आम्ही दोघी ठेकेदाराची माणसं. तिथे इतकी वर्षं काढूनही कंपनीच्या कागदावर आम्ही नव्हतो. ते आम्हाला टोचत नव्हतं असं नाही, पण सवय झाली होती.

मग नवं मशीन आलं. चांगलंच मोठं होतं, आणि त्याला जागा हवी होती ती नेमकी खिडकीपाशी. आमचं टेबल उचललं आणि स्टोअरच्या पोटमाळ्याखाली नेऊन ठेवलं. वर खोक्यांची थप्पी, खाली आम्ही. छत इतकं खाली की उंच माणूस वाकूनच येणार. उजेडाला एक एलईडी ट्यूब होती, ती आमच्या पाठीमागच्या तुळईला. आम्ही टेबलावर वाकलो की आमचीच सावली झाकणावर पडायची. सावली चुकवायला बाजूला झुकलं की त्या ट्यूबचा पांढरा पट्टा घासलेल्या काठावर असा चमकायचा की त्याच्या आत काय आहे ते दिसूच नये. म्हणजे एका बाजूला अंधार आणि दुसऱ्या बाजूला चकाकी, आणि चीर त्या दोन्हीच्या मधे कुठेतरी.

पहिल्या आठवड्यात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. संध्याकाळी घरी गेले की कपाळ ठणकायचं, भाकरी थापताना तव्यावरची वाफसुद्धा सहन व्हायची नाही. नवरा म्हणाला, चष्मा लावून घे. ताईला चष्मा होताच. ती तो सारखा पदरानं पुसायची, जसं काही काचेवरच काही बसलंय.

आम्ही आमच्या परीनं वाट काढली. संशय आला की झाकण घेऊन माल भरायच्या शटरपाशी जायचो, बाहेरच्या उजेडात फिरवून बघायचो आणि परत यायचो. तपासणी विभागाचे सर होते, तिशीच्या आतबाहेरचे, डिप्लोमा केलेले, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी दोन-तीन दिवस बघून न बघितल्यासारखं केलं. मग वरून त्यांना विचारणा झाली असावी. आले आणि म्हणाले, “ताई, माल टेबलावरून हलवायचा नाही. वाटेत हातातून पडला, डेंट आला, तर कुणाच्या नावावर टाकायचा?”

“सर, इथं दिसत नाही हो नीट,” ताई म्हणाली.

“दिसत नाही म्हणजे? लाइट आहे की.”

मी म्हणाले, “सर, लाइट आहे, पण पाठीमागं आहे. समोरून एक द्या, तिरपा. साधा टेबललॅम्प दिला तरी चालेल.”

त्यांनी वर बघितलं, ट्यूबकडे. आमच्या खुर्चीत मात्र ते बसले नाहीत. “मेंटेनन्सला सांगतो,” म्हणाले.

मेंटेनन्सचा माणूस आला तो ट्यूब पुसून गेला. मी पुन्हा सांगितलं तेव्हा सर मला जरा हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्हाला माहितीये ना, सध्या नवीन पॉइंट द्यायला बंदी आहे.” बंदी खरीच होती. मालकांनी त्या वर्षी वीजबचत मनावर घेतली होती. कॉरिडॉरमधल्या निम्म्या ट्यूबा काढल्या होत्या, आणि त्या बचतीबद्दल कुठल्याशा समारंभात एक ढालही मिळवली होती. ती ढाल रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात ठेवली होती आणि तिच्यावर दिवसरात्र एक छोटा दिवा लावलेला असायचा. रोज आत येताना आम्हाला ती दिसायची. छान दिसायची, अगदी बारीक अक्षरंसुद्धा वाचता यायची.

ताईनं मग नख वापरायला सुरुवात केली. काठावरून अंगठ्याचं नख ओढत न्यायची, अडकलं की थांबायची. चरा नखाला लागतो, पण चीर लागत नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी ओढायची. काही दिवसांत तिचं नख मधोमध फाटलं. जेवणाच्या सुट्टीत भाजीचं तिखट त्यात गेलं की ती डोळे मिटून घ्यायची.

आणि मग तक्रार आली. पुण्याच्या त्या कंपनीत आमच्या मालात चिरलेली झाकणं सापडली. एखाददुसरं नव्हे, बरीच. आम्ही तपासलेल्या प्रत्येक झाकणावर मार्करनं एक ठिपका द्यायचो, माझा हिरवा, ताईचा पिवळा. सापडलेली झाकणं पिवळ्या ठिपक्याची होती. खेपा आम्ही आलटून पालटून तपासायचो आणि ती खेप तिच्या वाट्याची होती म्हणून. माझी खेप गेली असती तर हिरवी सापडली असती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

तिला वर बोलावलं. मीही मागोमाग गेले, कुणी अडवलं नाही. मोठ्या टेबलाच्या पलीकडे मालक, प्लँटचे मॅनेजर आणि सर. टेबलावर चार झाकणं ठेवलेली, चिरेभोवती लाल गोल काढलेले.

मॅनेजर म्हणाले, “ताई, हे बघा. दिसतंय का?”

“दिसतंय साहेब.”

“मग तेव्हा का नाही दिसलं?”

मी म्हणाले, “साहेब, तुमच्या केबिनमध्ये उजेड आहे. खाली येऊन बघा ना एकदा.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग सरांना विचारलं, “ह्या कोण?” सरांनी सांगितलं. मालक म्हणाले, “आपण यांना बोलावलं होतं का?” तिथेच तो विषय संपला. खाली कुणी आलं नाही.

पुढच्या सकाळी आम्हा दोघींना आणि सरांना गाडीत घालून पुण्याकडे धाडलं. तिथे आमचा सगळा माल वेगळा काढून ठेवला होता आणि आम्ही तो पुन्हा तपासून चांगला-वाईट वेगळा करायचा होता. संगमनेरच्या पुढे ताईनं डबा उघडला, मला अर्धी चपाती दिली, सरांनाही दिली. सरांनी खाल्ली.

त्या कंपनीत आम्हाला तपासणीच्या खोलीत नेलं. खोली कसली, तीन बाजूंनी पांढरे पत्रे लावलेला एक कोपरा. पण वरून, दोन्ही बाजूंनी दिवे, तेही दुधी काचेमागे, त्यामुळे चकाकी नाही. शिवाय वाकवता येणारा एक दिवा, भिंगाचा. टेबलावर काळं रबर अंथरलेलं. ताईनं झाकण उचलायच्या आधी स्वतःचे दोन्ही हात त्या उजेडात धरले आणि उलटेपालटे करून बघितले. “अगंबाई,” ती म्हणाली, “माझे हात किती म्हातारे झालेत.” आणि हसली.

मग तिनं पहिलं झाकण उचललं, फिरवलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, फिरवलं, आणि न थांबता लाल डब्यात टाकलं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. खिडकीपाशी असताना ती असंच काम करायची, एका लयीत, माझ्याशी बोलत बोलत. मधल्या काळात ती लय गेली होती आणि ती गेल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. मीही बसले. चिरा दिसत होत्या. स्वच्छ, सरळ, कुणीही दाखवाव्यात अशा. दुपारच्या चहापर्यंत आम्ही ढीग संपवत आणला. तिथली एक मुलगी, युनिफॉर्म घातलेली, आमच्याकडे बघून म्हणाली, “किती फास्ट करता हो काकू तुम्ही.”

ताई सरांना म्हणाली, “सर, इथं दिसतंय बघा.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं सगळं. सर क्षणभर त्या दिव्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “लक्ष असतं तर तिथंही दिसलं असतं, ताई.” आणि फोन कानाला लावून बाहेर गेले. त्यांनाही कुणालातरी उत्तर द्यायचं असणार. मी त्यांना समजून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. अजून जमलेलं नाही.

परतीच्या वाटेवर ताईनं डबा उघडला नाही. नाशिकरोडला उतरताना फक्त म्हणाली, “जाते गं.”

त्यानंतर तिला डोळे तपासायला पाठवलं. कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, थेंब टाकून आत बघितलं आणि लिहून दिलं की डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. ती आनंदानं कागद घेऊन आली. मलाही आनंद झाला. आम्हाला दोघींनाही वाटलं, आता सिद्ध झालं. आम्ही किती भाबड्या होतो ते मॅनेजरांच्या एका वाक्यात कळलं. ते म्हणाले, “म्हणजे डोळे चांगले असून बघितलं नाही.” डोळे अधू निघाले असते तर कामाला नालायक, चांगले निघाले तर निष्काळजी. ती तिसरं काय निघू शकली असती, याचा मी त्या दिवसापासून विचार करत आले आहे.

काढून टाकलं, असं तिला कुणीच म्हणालं नाही. ठेकेदारानं सांगितलं, सध्या काम कमी आहे, बोलावू तेव्हा या. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचे गेट पास नवे झाले, तिचा झाला नाही. ती दोन दिवस गेटपर्यंत येऊन गेली. दुसऱ्या दिवशी वॉचमननं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हात जोडून म्हणाला, “ताई, मला आत सोडता येत नाही हो.” हे मला त्यानंच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. ताईच्या जागी एक नवी मुलगी आली. तिला मी शिकवायचं होतं.

थोड्याच दिवसांनी पुण्याच्या कंपनीचे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी पोटमाळ्याखाली धांदल उडाली. शिडी आली, वायरी आल्या, मालकांच्या दुसऱ्या कारखान्यातून चार दिवे आले. समोर दोन, बाजूंना एकेक. टेबलावर पांढरा कागद चिकटवला. संध्याकाळी दिवे लावून बघितले तेव्हा त्या कोपऱ्यातलं जळमट, भिंतीवरचा ओलीचा डाग, आमच्या खुर्चीचा फाटका रेक्झिन, सगळं एकदम दिसायला लागलं. मग तेही झाडून-पुसून घेतलं.

पाहणीचे साहेब शांत होते, सभ्य होते. त्यांनी खिशातून उजेड मोजायचं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं, आकडा बघून मान हलवली. मॅनेजरांनी सांगितलं की तक्रारीनंतर तपासणारी व्यक्ती बदलली आहे आणि नव्या व्यक्तीला प्रशिक्षण दिलं आहे. साहेबांनी लिहून घेतलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “लाइटिंग चांगलं आहे. नेहमी असंच असतं ना?”

सर माझ्याकडे बघत होते. मॅनेजर बघत होते. मी म्हणाले, “नाही साहेब. हे काल दुपारी लावले. आधी पाठीमागची ती एकच ट्यूब होती.”

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. पेन थांबेल, आवाज चढेल, कुणीतरी ताईचं नाव काढेल. साहेब हसले. “बरं केलंत लावले ते,” मॅनेजरांना म्हणाले, “आता काढू नका.” मॅनेजरही हसले. मग सगळे जेवायला त्र्यंबक रोडच्या हॉटेलात गेले. पाहणीत आम्ही पास झालो. दिवे ज्या कारखान्याचे होते तिथे तिसऱ्या दिवशी परत गेले. मला मात्र टेबलावरून उठवून दोन महिने बर काढायला बसवलं, म्हणजे कानशीनं झाकणांचे ओबडधोबड काठ घासायचे. बोटांची सालं निघाली. मी तक्रार केली नाही. त्या कामाला निदान उजेड लागत नव्हता.

मला परत बोलावलं ते मशीनसाठी. मालकांनी तपासणीचं कॅमेरा मशीन घेतलं होतं. त्याला चांगलं झाकण कोणतं आणि चिरलेलं कोणतं हे आधी दाखवावं लागतं, आणि ते ओळखणारं माणूस म्हणून मी. मशीन बसवायला दक्षिणेकडचा एक तरुण इंजिनिअर आला होता, हिंदीत बोलायचा. त्याला पोटमाळ्याखाली नेलं. तो वाकून आत आला, वर बघितलं, मागे बघितलं, आणि सामान खालीसुद्धा न ठेवता म्हणाला, “यहाँ तो लाइट ही नहीं है. कैमरे को कुछ नहीं दिखेगा.”

मॅनेजर लगेच म्हणाले, “काय काय लागेल ते सांगा.”

त्यानं सांगितलं. बाहेरचा प्रकाश अडवायला काळे पडदे, आत घुमटासारखा दिवा, त्याच्या बाजूनं तिरपे पट्टे. पोटमाळ्याचं छत खाली आहे म्हणून जागा बदला, असंही म्हणाला. जागा बदलली. वायरमन त्याच दुपारी आला. नवा पॉइंट द्यायची बंदी कुठे गेली, ते मी कुणाला विचारलं नाही. माझ्या शेजारी उभे असलेले सर जमिनीकडे बघत होते. मला वाटतं, त्यांनाही तेव्हा आठवलं असणार. पण ते बोलले नाहीत, आणि मीही त्यांना सोपं करून दिलं नाही.

त्या मशीनपुढे बसून मी एकेक चिरलेलं झाकण धरत गेले आणि इंजिनिअर बटण दाबत गेला. दिवसभर. मी दाखवलं ते मशीन शिकलं. आता ते नाकारेल ती झाकणं माझ्याकडे येतात, मी पुन्हा बघते. माझं टेबल मशीनला लागून आहे, त्यामुळे पडद्याच्या फटीतून येणारा उजेड मला मिळतो. माझं काम आता सोपं झालंय, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे.

ताईला भेटायला जायचं मी बरेच दिवस टाळलं. काय सांगणार होते? मग दिवाळी झाल्यावर गेले. माहेराहून घोटीचा नवा तांदूळ आला होता, तो पिशवीत घेतला. ताईनं दार उघडलं, “जयभीम, ये ये,” म्हणाली, नातीला कडेवर घेतलं होतं. तब्येत बरी दिसत होती. चहा झाला. मी तिला कॅमेऱ्याचं सगळं सांगितलं, पडदे, दिवे, बदललेली जागा. मला वाटलं, ती चिडेल. दोघी मिळून चिडलो असतो तर मला बरं वाटलं असतं.

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “चांगलं झालं. मशीन चुकत नाही.”

“अगं ताई, आपल्यालाही तेवढा उजेड दिला असता तर आपण तरी कुठं चुकलो असतो? पुण्याला बघितलंस ना तू?”

“नाही गं,” ती म्हणाली. “माझंच लक्ष उडालं असणार. वय झालं. तू होतीसच की त्याच टेबलावर, तुझं नाही गेलं काही.”

“माझी खेप गेली नाही म्हणून! ताई, डॉक्टरनं लिहून दिलंय तुझे डोळे चांगले आहेत.”

“डॉक्टर काय, अक्षरं मोठी असतात,” ती म्हणाली, आणि नातीचा शर्ट खाली ओढून सारखा करायला लागली.

मी पुष्कळ बोलले. पाठीमागच्या ट्यूबचं, सावलीचं, चकाकीचं, तिनंच मला शिकवलेल्या गोष्टींचं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला कळत होतं की माझं समाधान व्हावं म्हणून ती मान हलवते आहे. कारखान्यानं तिला सांगितलं ते तिनं घरी आणलं होतं आणि मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

सून आतून ताट घेऊन आली. मी आणलेल्या तांदळातले मूठभर त्यात ओतले आणि सासूपुढे धरले, “आई, जरा खडे बघता का, आजच लावते.” ताईनं ताट हातातही घेतलं नाही. “तूच बघ बाई,” म्हणाली. “माझ्याच्यानं राहून गेला तर दातांखाली यायचा.”

दुपार होती. दार सताड उघडं होतं, खोलीभर लख्ख उजेड पडला होता. सून ताट घेऊन उंबऱ्यापाशी बसली. “आता हे असंच असतं,” ती मला हळूच म्हणाली, “सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत.” ताईला ऐकू गेलं असावं. ती नातीला घेऊन उठली आणि पाठीमागच्या खोलीत गेली.